फाल्गुनात तार चरचरते

होळी जवळ आली की माझी गिटार चरचरायला लागते. पावसाळा, दिवाळी, थंडी सगळं नीट जातं. मग एक दिवस कॉलेजातून खोलीवर परत येते, पलंगावर बसून सगळ्यात जाड तारेवर पहिल्या घरात बोट दाबते, आणि सुराच्या मागून पत्र्यासारखा एक पातळ आवाज येतो. कुणीतरी सूर वाजवतंय आणि दुसरं कुणीतरी त्याच वेळी कागद फाडतंय, असा.

धाराशिवला वारं बालाघाटाच्या माळावरून येतं. ज्वारी निघालेली असते, कडबा रचून झालेला असतो, रानात अडवायला काही उरलेलं नसतं. ते वारं घरात शिरलं की आधी ओठ फुटतात, मग दारं आक्रसतात. पावसाळ्यात खांद्यानं ढकलावं लागणारं माझ्या खोलीचं दार या दिवसांत आपोआप उघडतं आणि कडी रात्रंदिवस वाजत राहते. गिटारच्या मानेचंही तेच होतं. त्या लांब मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेला घर. तार त्यांच्यावरून मोकळी जायला हवी. लाकूड वाळलं की मान किंचित मागं झुकते आणि तार पट्ट्यांना घासायला लागते. डोळ्यांना काही दिसत नाही. ऐकू मात्र येतं.

आता मला याचं काही वाटत नाही. ड्रॉवरमधून किल्ली काढते, मानेतली सळई थोडी सैल करते, दुसऱ्या दिवशी बघते. स्वेटर धुऊन ठेवण्याइतकंच ते काम आहे. पण तो आवाज पहिल्यांदा आला तो याच जिल्ह्यातल्या वाशीला, आमच्या घरी, पप्पा गेले त्यानंतरच्या फाल्गुनात. त्यामुळं किल्ली हातात घेतली की मला धाराशिवची ही खोली दिसत नाही, वाशीची ओसरी दिसते.

पप्पांचा धंदा मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा. घरामागं पत्र्याचं शेड, त्यात भोंगे, मिक्सर, वायरींची वेटोळी, आणि एका कोपऱ्यात लग्नातल्या राजा-राणीच्या खुर्च्या. लग्न असो, सप्ताह असो, सभा असो, सामान टेम्पोत चढवायच्या आधी ते अंगणात मांडून पप्पा टेस्टिंग करायचे. पप्पा घरी फार बोलायचे नाहीत. जे काही बोलायचे ते माईकवर. "हॅलो, हॅलो, वन टू." सगळ्या गल्लीला ते ऐकू जायचं. शाळेत माझ्या मैत्रिणींचे वडील डॉक्टर, मास्तर, वकील होते, आणि माझ्या वडिलांचा आवाज त्यांच्या घरात रोज सकाळी न विचारता जायचा. मला त्याची लाज वाटायची. मी इंग्रजी शाळेत जायचे, हळू बोलायचे आणि कमी बोलायचे. बाई म्हणायच्या, स्पीकरवाल्याची मुलगी आणि आवाज बघा हिचा.

दहावी झाल्यावर मी गिटार मागितली. मला लाकडी रंगाची, पोटाला गोल भोक असलेली हवी होती. पप्पा सोलापूरला गेले आणि लाल भडक इलेक्ट्रिक घेऊन आले, सोबत एक छोटा काळा ॲम्प्लिफायर.

"पप्पा, ही नाही सांगितली मी. दुसरी असते."

"तिला वायर न्हाय ना लागत."

"हो, तीच."

"मग? ज्याला वायर लागत न्हाय त्यातलं आपल्याला काय कळतंय? उद्या बिघडली तर मला हात लावता यायला पायजे का नको?"

तिला त्यांनी कधी हात लावला नाही. बिघडलीच नाही ना. मी वाजवायचे तेव्हा ते शेडच्या दारात बसून वायरींना टेप गुंडाळायचे. चांगलं वाजतंय का वाईट हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचं लक्ष ॲम्पवरच्या लाल दिव्याकडं असायचं.

ते कार्तिकात गेले. झोपेतच. याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मी चहा देत होते, चपला सरळ लावत होते, कोण कुठल्या गाडीनं जाणार ते लक्षात ठेवत होते. एकदा स्वयंपाकघरातून पाणी आणताना लांबच्या दोन आत्याबायांचं बोलणं कानावर आलं.

"पोरगी रडली न्हाय बग अजून."

"इंग्लिश शाळंतली पोरं. त्यांचं असंच असतंय."

मी पाण्याचे ग्लास त्यांच्यासमोर ठेवले. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात जड होता, उबदार होता, एवढं कळलं. बाहेरून कळलं. दाताला भूल दिल्यावर डॉक्टर गालावर बोट ठेवून विचारतात ना, कळतंय का म्हणून, तसं.

वर्ष होईपर्यंत घरात काही वाजवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सण गोड करायचा नाही, लग्नाला जायचं नाही, आणि घरातून वाजण्याचा आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्यांच्या घरी यात अवघड काही नसावं. आमच्या घरी वाजणं हेच पोट होतं. पप्पांचे धाकटे भाऊ, माझे काका, धंदा बघायला लागले. सामान रोज बाहेर जात होतं, गावोगावी वाजत होतं, पण आमच्या अंगणातलं टेस्टिंग बंद झालं. काका टेम्पो मुक्यानं भरायचे आणि टेस्टिंग तिकडं गेल्यावर करायचे. आईनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातलं जे जे वाजतं त्यावर जुने अभ्रे चढवले. रेडिओवर, पप्पांच्या जुन्या मिक्सरवर, माझ्या छोट्या ॲम्पवर. टीव्ही तेवढा चालू असायचा, आवाज पूर्ण बंद करून. आई रोज संध्याकाळी बिनआवाजाची मालिका बघायची. कोण कुणावर ओरडतंय हे तिला तोंडाच्या हालचालीवरून कळत असावं. मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा हॉस्टेल सोडून घरी आले होते. परीक्षेपुरती एसटीनं धाराशिवला जाऊन यायचे, बाकी घरातच. दुपारी कडबा वाहणाऱ्या गाड्या सोडल्या तर गल्ली सामसूम असायची. मी ओसरीत गिटार मांडीवर घेऊन बसायचे. वायर न लावता इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर तिचा आवाज कंगव्याच्या दातांवर नख फिरवल्याएवढा येतो. उंबऱ्याबाहेर जात नाही. आईनं त्याला हरकत घेतली नाही. गाणी मी वाजवत नव्हते. नुसती बोटं चालवायचे, खाली वर, खाली वर.

आणि तिथं एक दिवस ती चरचर सुरू झाली. आधी मला वाटलं बोट नीट दाबलं जात नसेल. मग वाटलं तार जुनी झाली. बदलली. तरी तेच. मग काही दिवस असं वाटत राहिलं की गिटारला काही झालेलं नाही, माझ्याच कानात काहीतरी बिघडलंय. तेव्हा असं वाटणं सोपं होतं.

काका एका सकाळी भोंगे चढवायला आले आणि मला गिटारवर कान टेकवून बसलेली बघून थांबले.

"काय झालं गं बाई?"

"आवाज येतोय काका."

"कसला? भुणभुण का फटफट?"

"चरचर."

काकांनी खिशातून टेस्टर काढला. "अर्थिंग गेलं आसंल. हाताला चुणचुण लागती का?"

"काका, वायरच लावलेली नाही."

"नसू दे की. एकदा अर्थिंग गेलं की कुठून बी येती भुणभुण. वैनी, मीठ हाय का ओंजळभर?"

आई बाहेर आली. "मीठ कशाला?"

"अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतो. आन् बादलीभर पाणी."

"भावजी, ती गिटार लाकडाची हाय."

"आसंना. लई कोरडं पडलंय समदं." काकांनी मीठ घेतलंच. अंगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकलं, वर पाणी ओतलं, आणि हात झटकत म्हणाले, "दुपारपस्तोर बसतंय बग आवाज. दादा आसते तर त्यांनी बी ह्येच क्येलं असतं."

हे खरं होतं. पप्पांनीही आधी मीठच टाकलं असतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, पण यायला हवं होतं हे कळलं. कॉलेजात मी आता प्रॅक्टिकल घेते. सर्किट चालत नाही म्हणून मुली तक्रार घेऊन येतात तेव्हा मीही आधी अर्थिंग बघा म्हणते. शंभरातल्या बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं.

मग मी इयरफोन लावून मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. परदेशातले दाढीवाले लोक, स्वच्छ टेबलं, चकचकीत मोजपट्ट्या. माझ्याकडं शाळेतली स्टीलची पट्टी होती, पप्पांच्या पेटीतल्या किल्ल्या होत्या, आणि दुपार होती. त्या लोकांचं म्हणणं साधं होतं. चरचर कुठं येते ते आधी ऐका. सगळ्या मानेवर येत असेल तर तारा फार खाली आहेत. एकाच घरात येत असेल तर तिथली एखादी पट्टी वर आलीय. सुरुवातीच्या घरांत येत असेल तर मान बघा. मी प्रत्येक तारेवर प्रत्येक घरात बोट ठेवून ऐकत गेले. पहिल्या काही घरांत जास्त येत होती, आणि मध्ये सातव्या पट्टीपाशी थोडी.

मान बघायची रीतही साधी. एका हातानं तार पहिल्या पट्टीवर दाबायची, दुसऱ्या हातानं जिथं मान धडाला मिळते तिथं. मग तारच फूटपट्टीचं काम करते. मधल्या पट्ट्या आणि तार यांच्यात जाड कागदाएवढी फट दिसायला हवी. लग्नाच्या पत्रिका त्या वर्षीही येत होत्या. आम्ही जाणार नाही हे माहीत असूनही लोक रीत म्हणून देऊन जायचे, कोपऱ्याला हळदीचं बोट लावलेल्या. आई त्या आत आणायची नाही, दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायची. मी एका पत्रिकेची पट्टी कापली आणि तारेखाली सरकवून पाहिली. गेलीच नाही. फट नव्हती.

मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तिच्या तोंडाशी किल्ली लावून ती फिरवता येते. काहीतरी ढिलं पडलंय म्हणजे आवळायचं, हे मी परस्पर ठरवलं. पुढचा व्हिडिओ बघायलाही थांबले नाही. सळई थोडी आवळली. दुसऱ्या दिवशी चरचर दुप्पट. पहिल्या घरात तर सूरच नव्हता, नुसता खट्ट. घरी आलेलं प्रत्येक माणूस जाताना आईला आणि मला, मन घट्ट करा, असं सांगून जायचं. माझ्या हातात तेच बसलं असेल. नसेलही. मला तेव्हा कशाचाच अर्थ लागत नव्हता, मी लावतही नव्हते.

सळई सैल करायची होती. तारांचा ताण मानेला पुढं ओढतो आणि सळई मागं धरून ठेवते. मान वाळून आधीच मागं गेलेली, त्यात मी तिला आणखी मागं खेचलं होतं. मी आवळलेलं सोडलं, त्याहून थोडं जास्त सोडलं, आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली. लगेच काही कळत नाही. लाकूड आपल्या सवडीनं सरकतं. सकाळी उठून पत्रिकेची पट्टी घातली तर ती अडकत अडकत आत गेली. आणखी एक दिवस थांबले, मग सरळ गेली. पुढचं काम सातव्या पट्टीचं. स्टीलची पट्टी तीन फ्रेटवर उभी ठेवली तर ती डुगडुगली, म्हणजे मधली पट्टी वर आली होती. पप्पांच्या छोट्या हातोडीला चिंधी बांधून मी ती हलकेच ठोकली. डुगडुग थांबली.

इतकं होऊन चरचर कमी झाली. गेली नाही. गिटारवर कान नेला की जाड तारेवर अजून थोडीशी यायची. ते दाढीवाले सगळे एकच सांगत होते की इलेक्ट्रिक गिटारची थोडी चरचर मोजायची नसते. स्पीकरमधून येते का ते बघायचं. स्पीकरमधून येत नसेल तर गिटार बरोबर आहे.

म्हणजे निकाल तिथं होता, अभ्र्याखाली. त्या सगळ्या दिवसांत मला दुसरं काही जाणून घ्यायची इच्छा झाली नव्हती. परीक्षेत काय होईल, धंद्याचं काय होईल, पुढं मी कुठं राहीन, यातलं काही नाही. हे तेवढं हवं होतं. मी जे केलं ते बरोबर झालंय का. आणि त्यासाठी आईच्या घरात, वर्ष व्हायच्या आत, आवाज करावा लागणार होता.

शेजारच्या मालनकाकूंच्या धाकट्या मुलाचं लग्न त्याच सुमारास झालं. मांडव आमचा, भोंगे आमचे. दोन घरांच्या मध्ये कडुलिंब आहे. त्याला तेव्हा फुलोरा होता, आणि काकांनी भोंगे त्याच्यावरच बांधले. आमच्या बाजूचा भोंगा त्यांनी आमच्याकडं पाठ करून बांधला. कुणी सांगितलं नव्हतं. तरी आवाज यायचा तो आलाच, भिंतीतून, फरशीतून, तांब्यातल्या पाण्यातून. आई खिडक्या लावून घरात बसली होती. तिच्या गुडघ्यावर तिचा हात होता आणि हाताचं एक बोट हलत होतं. ठेक्यावर का नुसतंच, ते मला सांगता येणार नाही.

लग्नाचा मांडव उतरल्यावर एका दुपारी आई ओसरीत नवी ज्वारी पाखडत होती. सुपातून फोलपटं उडत होती.

"झालं का गं तुझं?" तिनं विचारलं.

"कळत नाही."

"कळत न्हाय म्हंजी? येवढं दिवस खटखट चाललीय."

"स्पीकर लावल्याशिवाय नाही कळत."

सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं. त्या दिवशी ती आणखी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं विषय संपला. मी गिटार पिशवीत घातली.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "गल्लीत कुणाचं दुःख असलं ना, तरी तुझे पप्पा टेस्टिंग करायचे. एकदा मी म्हणले, आवो लोकं काय म्हणतील? तर म्हणले, टेस्टिंग म्हंजी गाणं न्हवं. वाजवण्यात धरत न्हाईत त्याला."

तिनं शेवटचं पातेलं पालथं घातलं.

"लाईट हाय का?"

"आहे."

"मग लाव. गाणं न्हाय हां. नुसतं टेस्टिंग."

ॲम्पवरचा अभ्रा तिनंच काढला, घडी घातला, मांडीवर घेऊन बसली. मी वायर लावली. बटण दाबल्यावर स्पीकर आधी नुसता घुमतो, तसा घुमला. आईनं मान वर केली. मी जाड तार मोकळी छेडली. मग पहिल्या घरात बोट, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एक सूर, तो विझेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. त्यात गाणं कुठं नव्हतंच. भिंतीला खुंट्या ठोकाव्यात तसे सूर. पण खोलीभर होते, आणि फरशीवरून माझ्या तळव्यांना लागत होते.

सातव्या पट्टीपाशी पोचले तेव्हा भिंतीपलीकडून मालनकाकूंचा आवाज आला.

"सुमन! ए सुमन! वरीस झालं व्हय गं?"

माझा हात तारांवर पडला, आवाज दबला. आई उठून परसदारी गेली.

"न्हाय झालं काकू. दिवाळीनंतर होतंय."

"मग ह्ये काय चाललंय?"

"टेस्टिंग हाय."

"कशाचं?"

"पोरीच्या गिटारचं. बिघडली हुती, तिनं दुरुस्त केलीय." मग आईनं मला आतमध्ये हाक दिली, "छेड गं." मी छेडली. "काकू, चरचर येती का तिकडं?"

पलीकडं काकूंच्या चपला भिंतीपर्यंत वाजत आल्या. मग, "कसली चरचर? साफ येतंय की."

"आणिक एकदा ऐका. प्राजू, ती जाडी छेड."

मी ती जाडी छेडली.

"साफ हाय बाई!" काकू ओरडल्या. "आमच्या लग्नात बी इतकं साफ न्हवतं!"

आई आत आली. पुन्हा तिथंच बसली. तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडल्याचं मला दिसलं नाही, आणि माझ्याही पडला नसावा.

"गेलं का मग ते?"

"स्पीकरमधून येत नाही," मी म्हटलं. "तारेजवळ कान नेला की अजून येतं. थोडं."

तिनं वाकून खरंच कान नेला, गिटारच्या अगदी जवळ. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी तार छेडली. ती ऐकत राहिली, सूर पूर्ण विझेपर्यंत.

"येऊ दे," ती म्हणाली. "तेवढं येऊ दे. आता वाजव कायतरी."

काय वाजवावं ते मला आठवेना. ॲम्प घुमत होता. आई वाट बघत बसून राहिली.